मदत हवी आहे : कोविडच्या काळात कोकणात नर्सिंग शिकलेल्यांचे अनुभव

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यात नर्सिंग शिकवते. २०२० ते २०२२ मध्ये रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात राहून ज्यांनी एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यास केला, त्यांचे अनुभव मला हवे आहेत.

रेंजसाठी सड्यावर, म्हणजे उंच कातळमाळावर, जाऊन लेक्चर ऐकणाऱ्या मुली मला माहीत आहेत. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे तर ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर कितीतरी दिवस वीजच नव्हती. तिथल्यांनी अभ्यास कसा केला?

पण माझा मुख्य प्रश्न प्रॅक्टिकलचा आहे. शीर शोधून सलाईन लावणं, कळा सोसणाऱ्या बाईजवळ थांबून बाळंतपण करणं, हे मोबाईलवर बघून हातात येत नाही. वॉर्ड पोस्टिंग बंद असताना तुमच्या केस बुकात, म्हणजे प्रॅक्टिकलच्या नोंदवहीत, दाखवायच्या डिलिव्हरी कशा पूर्ण झाल्या? पहिल्या नोकरीत कुठे अडलात, आणि तेव्हा कोणी जवळ बसवून शिकवलं? ज्यांची ड्युटी थेट कोविड वॉर्डात लागली, त्यांना पीपीई किट काढायचा क्रम कोणी शिकवला? किट काढताना संसर्गाचा धोका मोठा असतो, म्हणून मुद्दाम विचारते. घरच्यांनी पाठवायला नकार दिला असेल तर तेही सांगा. त्यांची भीती खरी होती.

यावरून आमच्या मुलांचा जादा सराव ठरवायचा आहे. कॉलेजचं किंवा रुग्णाचं नाव नको. इथे लिहायचं नसेल तर मला मेसेज करा. व्हॉइस नोट चालेल, मालवणीत बोललात तरी चालेल.