सी विंग, ०३ ची लाईन : किचनमधली बारीक झुरळं

शुभदा (४०३): नमस्कार मंडळी, ०३ च्या लाईनमधल्या सगळ्यांना विचारायचं होतं, तुमच्याकडे पण ती बारीक चॉकलेटी झुरळं वाढलीयेत का? पाऊस सुरू झाल्यापासून आमच्याकडे रात्री लाईट लावला की ओट्यावरून सैरावैरा पळतात. गेल्या महिन्यातच पेस्ट कंट्रोल करून घेतलं, माणूस आला, सिंकखाली फवारलं आणि दहा मिनिटांत गेला, आठवडाभर बरं वाटलं आणि आता परत तेच 😞

राजेश (३०३): ताई आमच्याकडे तुमचं पेस्ट कंट्रोल झालं त्याच आठवड्यात एकदम वाढली. आधी एखाददुसरं दिसायचं, आता मिक्सर उचलला तरी खालून निघतात

देशपांडे काका (१०३): आमच्याकडे मोठी येतात, नहाणीतून. मी रोज रात्री फिनेल ओततो आणि उंबऱ्याला खडूची रेघ मारतो. तरी येतातच.

मीनल (२०३): काका, मोठं आणि बारीक ही दोन वेगळी जनावरं आहेत, उपाय पण वेगळा. मोठं ड्रेनेजमध्ये राहतं आणि नहाणीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वळणात साचून राहणारं, पाणी सुकलं की जाळीतून वर येतं. तुमची मागची बाथरूम वापरात नाही ना, तिथे दोन-चार दिवसांनी तांब्याभर पाणी ओतत जा म्हणजे ट्रॅप भरलेला राहील, आणि रात्री जाळीवर झाकण. फिनेलने वास जातो, झुरळं नाही जात.

मीनल (२०३): बारीक आहे ते जर्मन झुरळ. साधारण दीड सेंटीमीटर, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. ते गटारातलं नाहीच, ते आपल्या किचनमध्येच राहतं, तिथेच वाढतं. मी दापोलीला कृषी शिकताना कीटकशास्त्रात हे सगळं केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते, प्लीज सगळ्यांनी वाचा. याची मादी अंड्यांची पिशवी पोटामागे चिकटवून फिरते, एका पिशवीत ३०-४० पिल्लं, आणि ती फुटायच्या बेतात आली की मगच टाकते. काल मी टॉर्च घेऊन वरच्या कपाटाची बिजागरी बघितली तर फटीत अशी एक बसलेली, मागे तांबूस पिशवी, तांदळाचा दाणा असावा तेवढी, आणि आजूबाजूला मिरपूड सांडल्यासारखी तिची घाण. फवारणीचं औषध त्या पिशवीच्या आतपर्यंत पोचत नाही, म्हणून आठवड्याभराने नवीन पिल्लं दिसतात. आणि आपल्याकडच्या या गरम दमट हवेत पिल्लू दोनेक महिन्यांत मोठं होऊन परत अंडी घालतं.

राजेश (३०३): आणि मग आमच्याकडे का वाढली??

मीनल (२०३): कारण डक्ट, म्हणजे पाईप जातात ती उभी पोकळी, आपल्या सगळ्यांची एकच आहे. सिंकचा पाईप भिंतीतून डक्टमध्ये जातो तिथे सगळ्यांकडे भोक मोठं आणि पाईप बारीक, मध्ये बोट जाईल एवढी फट. वर फवारलं की काही मरतात, उरलेली फटीतून खालच्या घरात. एकट्याने कितीही खर्च केला तरी उपयोग नाही, अख्ख्या लाईनने एकाच दिवशी करायला हवं, आणि फवारणी नको, जेल.

देशपांडे काका (१०३): जेल म्हणजे विषच ना? ते भांड्यांजवळ लावायचं? आमच्याकडे नातू येतो रांगणारा.

मीनल (२०३): काका, ते भांड्यांजवळ नाहीच लावायचं. बिजागरीच्या आत, ट्रॉलीच्या पट्टीमागे, फ्रीजच्या कंप्रेसरपाशी, पाईपच्या फटीत, तुरीच्या डाळीएवढे ठिपके. हात पोचत नाही अशाच जागी, कारण ती राहतात पण तिथेच. खाऊन गेलेलं झुरळ बिळात जाऊन मरतं, पिल्लं त्याची विष्ठा खातात, मेलेलं झुरळ पण खातात, त्यामुळे बाहेर न आलेल्यांपर्यंत पण औषध जातं. उलट खडूचीच मला काळजी वाटते. त्यात पण कीटकनाशकच असतं आणि रेघ असते जमिनीवर, रांगणाऱ्या बाळाच्या बरोबर हाताखाली. पुसून टाका, खरंच.

देशपांडे काका (१०३): बरं. आजच ओल्या फडक्याने पुसून घेतो.

स्नेहल (६०३): आमच्याकडे फिश टँक आहे म्हणून मी कधीच फवारू देत नाही, जेल चालेल ना

मीनल (२०३): चालेल, फक्त टँकपासून लांब लावायला सांगा. फवारणीची औषधं बहुतेक माशांना फार घातक असतात, तुम्ही थांबलात ते बरोबरच केलंत. आणि सगळ्यांनी लक्षात ठेवा, जेल लावल्यावर त्याच्यावर किंवा शेजारी स्प्रे मारायचा नाही, फिनाईलने पुसायचं नाही, मग झुरळ त्याला तोंड लावत नाही. कामाला येणाऱ्या मावशींना पण सांगून ठेवा.

शुभदा (४०३): मुलाला दमा आहे, डॉक्टर पण म्हणाले झुरळांच्या घाणीने वाढू शकतो, म्हणून मला हे लवकर करायचंय. त्या आधी घरात काय करू?

मीनल (२०३): पाणी तोडा. खाणं नसेल तर ती बरेच दिवस काढतात, पाण्याशिवाय लवकर मरतात. रात्री झोपताना सिंक आणि ओटा कोरडा पुसायचा, ओलं फडकं पिळून बाहेर दोरीवर, खरकटी भांडी रात्रभर नको, ओला कचरा रात्रीच डब्यात झाकून. फ्रीजच्या मागचा ट्रे काढून बघा, आपण वर्षवर्ष बघत नाही, त्यात पाणी साचतं, झुरळं तिथे येतात आणि डेंग्यूचे डास पण त्याच पाण्यात होतात, म्हणून आठवड्यातून एकदा तो ओतून घासून कोरडा करायचाच. पुठ्ठ्याची खोकी किचनमध्ये साठवू नका. आणि कपाटातली ती मिरपुडीसारखी घाण साफ करताना ओल्या फडक्याने पुसा शुभदाताई, झाडून नको, धूळ उडते, मुलाला त्रास होईल.

वैशाली (७०३): मध्येच विचारते सॉरी, तांदळाला टोके झालेत, त्याला पण जेल का??

मीनल (२०३): नाही नाही, धान्याजवळ काहीच नाही! कडक ऊन असेल तेव्हा वाळवून चाळून घ्या, ऊन नसेल तर थोडे थोडे करून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. पावसाळ्यात महिन्यापुरताच तांदूळ भरा, घट्ट झाकणाच्या डब्यात.

राजेश (३०३): मग शनिवारी सकाळी करायचं का सगळ्यांनी? जेलवाल्याशी मी बोलतो, सात घरं एकदम म्हटल्यावर कमी करेल. फटी बुजवायला प्लंबरला व्हाईट सिमेंट घेऊन बोलावतो

मीनल (२०३): शनिवार चालेल, आणि परत तीन आठवड्यांनी दुसरा हात, तो आत्ताच ठरवून घ्या. पिशवीवाली मादी फार खात नाही, लपून बसते, पहिल्या जेलमधून ती वाचते. मध्ये थोडी दिसली तर घाबरून स्प्रे मारू नका.

शुभदा (४०३): ५०३ बंद आहे ना, भाडेकरू गेल्यापासून? ते राहिलं तर सगळी तिथेच जाऊन बसतील.

सेक्रेटरी (बी-२०१): ५०३ च्या मालकांशी आत्ताच बोललो, पुण्याला असतात, हो म्हणाले. किल्ली ऑफिसमध्ये आहे, मी स्वतः उघडून देतो. डक्टच्या तळाला कचरा साचलाय तो शुक्रवारी काढून घेतो, त्याचा खर्च सोसायटी करेल, जेलचा ज्याचा त्याने. राजेश, आकडा कळला की इथे टाक.

राजेश (३०३): हो सर, संध्याकाळपर्यंत टाकतो