सातपुड्यातल्या वसतिगृहासाठी निधी: खाते क्रमांक पाठवण्याआधी

प्रेषक: कोषाध्यक्ष
प्रति: आपल्या अमेरिकेतल्या मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार,

गणेशोत्सवात आपण धडगाव तालुक्यातल्या हंगामी वसतिगृहासाठी आवाहन केलं आणि खानदेशातल्या मंडळींनी मोठ्या मनाने आकडे लिहून दिले. रक्कम अजून कुणाकडून घेतलेली नाही. बहुतेकांचं म्हणणं असं की सगळं मंडळाच्या खात्यात जमा करावं, तिथून एकदाच वायर करावी आणि त्यातून दोन खोल्या बांधून व्हाव्यात. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे आबा या ईमेल यादीवर आहेतच. आबा, संस्थेचा खाते क्रमांक पाठवता का? दिवाळीच्या आत काम मार्गी लागेल.

---

प्रेषक: आबा, शहादा
विषय: पुन्हा: वसतिगृहासाठी निधी

सगळ्यांना रामराम.

तुमचा जीव इकडे अडकलाय हे पाहून बरं वाटतं. पण खाते क्रमांक आज पाठवत नाही. कारण नीट सांगतो, कारण यात आमची संस्था बुडू शकते.

तुमचं मंडळ अमेरिकेत नोंदलेलं आहे. त्यातले सगळे सभासद उद्या भारतीय नागरिक निघाले तरी मंडळ ही परदेशी संस्थाच. तिच्याकडून आलेला एक रुपयासुद्धा २०१०च्या विदेशी अभिदाय (परदेशी देणगी) कायद्याखाली, म्हणजे आपण सगळे ज्याला एफसीआरए म्हणतो त्याखाली येतो. असा पैसा घ्यायला त्या कायद्याखाली नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही. ती मिळवायची तर संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च झालेले हवेत. मिळाली तरी पैसा फक्त दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच घेता येतो. नोंदणी पाच वर्षांची, मग पुन्हा नूतनीकरण.

पूर्वी आमच्यासारख्यांना एक वाट होती. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेकडे एफसीआरए असायची, ती बाहेरून आलेल्या अनुदानातला थोडा हिस्सा आमच्याकडे द्यायची. हिशेब त्यांना द्यायचा, काम आम्ही करायचं. सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीने ते बंद झालं. आता विदेशी निधी एका संस्थेकडून दुसरीकडे देताच येत नाही, दुसरीकडे नोंदणी असली तरी. त्याच दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी कायम ठेवल्या. मोठ्या संस्था कशातरी तगल्या. सातपुड्याच्या पायथ्याला चार कार्यकर्त्यांवर चालणारी कामं मात्र तेव्हा मोडली, आणि ती का मोडली हे कुठल्या बातमीत आलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. बाहेरच्या पैशावर देखरेख हवी, हे मलाही मान्य आहे. पण कुंपण घालताना लहान रोपं तुडवली गेली.

कंपन्यांचा सीएसआर (समाजकार्यासाठीचा) निधी आहे ना, असं पुष्कळ जण विचारतात. कायदा कंपनीला सांगतो की जिथे तुमचं काम आहे त्या परिसराला प्राधान्य द्या. आता मला सांगा, अक्राणीच्या, म्हणजे धडगावच्याच डोंगरात कोणाचा कारखाना आहे? आमचा नंदुरबार जिल्हा केंद्राच्या आकांक्षित (म्हणजे मागास) जिल्ह्यांच्या यादीत आहे म्हणून कधी कधी कोणी येतं, फोटो काढतं आणि वर्षभराचा प्रकल्प देतं. आमची पोरं मात्र दर वर्षी असतात. दिवाळी झाली की कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, गुजरातकडे निघतात, ते होळीला परततात. तेवढे महिने पोरं आमच्याकडे राहिली तर शाळेत टिकतात, नाहीतर आईबापाबरोबर फडात जातात.

---

प्रेषक: नाना (मूळ चोपडा)

आबा, रामराम. कायदा कळला. पण मार्ग आहे की! आपल्यातल्या चार-पाच जणांकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे. आम्ही सगळे त्यांच्या खात्यात पैसे टाकतो, ते आपल्या एनआरई खात्यातून (परदेशातली कमाई ठेवायचं भारतातलं खातं) तुम्हाला पाठवतील. चोपड्यात माझा भाऊही आहे, त्याच्यामार्फतही देता येईल. पैसा आपलाच, कामही आपलंच. मग अडचण कुठे?

---

प्रेषक: आबा, शहादा

नाना, तुमच्या मनात खोट नाही हे मी जाणतो, म्हणूनच स्पष्ट लिहितो. असं करू नका, आणि दुसऱ्या कुणाला सुचवूही नका. कायद्यात शब्दच असे आहेत की परदेशी स्रोताचा पैसा थेट आला काय किंवा मधल्या एका-दोघांच्या हातून आला काय, तो विदेशी अभिदायच. तुमचे पैसे भावाच्या खात्यातून आले तरी ते तुमचेच राहतात. पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि ती घेणाऱ्याला, शिवाय घ्यायला मदत करणाऱ्यालाही. आमचे विश्वस्त कोण? एक निवृत्त मास्तर, एक अंगणवाडीताई, दोन शेतकरी. त्यांच्या सहीवर मी हे करणार नाही.

सरळ वाट आहे, फक्त ती पासपोर्टावर ठरते. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या एनआरई किंवा एनआरओ (भारतातलं उत्पन्न ठेवायच्या) खात्यातून बँकेमार्फत दिलं, तर तो विदेशी अभिदाय धरला जात नाही. गृह मंत्रालयाचं म्हणणं तसं आहे. आम्ही मात्र पासपोर्टाची प्रत घेऊन फाईलला लावतो. ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) काढलं, ते या कामापुरते परदेशी. जळगावातल्या घराचं भाडं एनआरओ खात्यात रुपयांत येतं, त्यातून दिलं तरी ते परदेशीच धरतात. हे ऐकून तुम्हाला लागेल, मला माहीत आहे. ज्याचं बालपण केळीच्या बागेत गेलं त्याला हे सांगायला मलाही जड जातं.

ओसीआय असलेल्यांना एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेला देता येतं, तिने स्वतःच केलेल्या कामासाठी. किंवा आम्ही नोंदणीऐवजी एका देणगीपुरती सरकारची पूर्वपरवानगी मागू शकतो. त्यात देणारा ठरलेला, रक्कम ठरलेली, काम ठरलेलं, आणि तुमच्या मंडळाचं लेखी पत्र लागतं. पुढच्या वर्षासाठी तो विचार करू. या दिवाळीला ते होणार नाही.

आता खोल्यांचं. आम्हाला खोल्या नकोत, एक माणूस हवा. राग मानू नका.

मागच्या वर्षी आमचे एक विश्वस्त वारले. नवे घेतले, ठराव झाला, धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल केला. तो मंजूर होईपर्यंत बँकेत सह्यांचा घोळ सुरू राहिला आणि भाजीवाल्याची उधारी चढत गेली. आयकराच्या १२एबी (संस्थेची करमाफी) आणि ८०जीचंही (देणगीदाराची करसवलत) दर काही वर्षांनी नूतनीकरण. दर मे महिन्यात देणगीदारांची यादी पॅनसकट फॉर्म १०बीडीमध्ये भरायची, तेव्हा कुठे त्यांना १०बीईचा दाखला मिळतो. ऑडिट, संस्थांच्या नोंदीचं सरकारी दर्पण पोर्टल आणि कंपनीकडून सीएसआरचा एक पैसा हवा असेल तर सीएसआर-१ हा फॉर्म वेगळाच. आधारचा ओटीपी ज्यांच्या मोबाईलवर येतो ते आमचे विश्वस्त डोंगरात राहतात. रेंजसाठी ते वरच्या टेकाडावर चढतात, मी इकडे संगणकासमोर बसतो, आणि ओटीपी सांगेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. मग परत पहिल्यापासून.

हे सगळं आज मी आणि वसतिगृहाची अधीक्षिका मिळून करतो. म्हणजे पोरांच्या वाट्याची तिची संध्याकाळ कागदात जाते. सिमेंटला देणगी मिळते, त्याच्यावर नाव लावता येतं. हिशेबनिसाच्या पगाराला कुणी देत नाही. धडगावचीच एक पावरा समाजातली मुलगी बी.कॉम. झाली आहे, हिशेबाचं टॅली येतं, पावरी, अहिराणी आणि मराठी तिन्ही बोलते. तिला तीन वर्षांचा पगार कबूल करता आला तर ती सुरतेला नोकरीला जाणार नाही. तिला बसवा. नाव भिंतीवर लागणार नाही, पण संस्था उभी राहील.

---

प्रेषक: ताई (मूळ अमळनेर)

आबा, मी अजून भारतीय पासपोर्टवर आहे. मी दर महिन्याला देईन. पण ८०जीचा मला काही उपयोग आहे का? आणि एकरकमी दिलं तर बरं की महिन्याला?

---

प्रेषक: आबा, शहादा

ताई, ८०जीची सवलत भारतातल्या उत्पन्नावर मिळते. इथे करपात्र भाडं किंवा व्याज येत असेल आणि तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल तर उपयोग, नाहीतर नाही. अमेरिकेच्या करात आमची पावती चालणार नाही.

महिन्यालाच द्या. आम्हाला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी कामावर खर्चावे लागतात, नाहीतर राखून ठेवायला वेगळा अर्ज. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मोठी रक्कम आली की आनंदही होतो आणि धावपळही. पगार महिन्याला द्यायचा, तर पैसाही महिन्याला यावा.

---

प्रेषक: कोषाध्यक्ष

आबा, नाना, ताई, सगळ्यांना नमस्कार.

ठरलं ते असं. मंडळाच्या खात्यात या कामासाठी कुणीही पैसे टाकू नयेत. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी मला उत्तर लिहावं, मी त्यांना आबांशी जोडून देतो. पासपोर्टाची प्रत आणि पॅन थेट आबांना पाठवा, यादीवर टाकू नका. ओसीआय असलेल्या आम्हा सगळ्यांसाठी पूर्वपरवानगीच्या अर्जाला मंडळाचं पत्र लागेल, तो विषय पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत घेतो. नाना, मसुदा तुम्ही करा.

खोल्यांचा प्रस्ताव मी मागे घेतो.

---

प्रेषक: आबा, शहादा

आभारी आहे. एक राहिलं. पैसे पाठवताना शेऱ्यात किंवा पत्रात "कॉर्पस" (कायम निधी) असं लिहू नका. काही जण चांगल्या भावनेने लिहितात, पण मग ती रक्कम वेगळी गुंतवून ठेवावी लागते आणि पगाराला वापरता येत नाही. "संस्थेच्या सर्वसाधारण कामासाठी" एवढंच लिहा. पावती त्याच आठवड्यात पाठवतो.