धनुर्धरांवरचा तिबेटी सिनेमा : बघावा का?

डोंगरवाट: मुलगी नववीत आहे, तिरंदाजीच्या इंडियन राऊंड प्रकारात बांबूच्या धनुष्यावर खेळते. तिरंदाजांवर एक तिबेटी सिनेमा आहे असं कळलं. कुणी पाहिलाय का? प्रेमकथाही आहे म्हणे, आणि घरी आईबाबाही सोबत बसतील. संथ चालेल.

चित्रवेडा: तिबेटी दिग्दर्शक पेमा त्सेदेन यांचा 'द सेक्रेड अ‍ॅरो', 2014. बिनधास्त बघा. घडतो चीनच्या छिंगहाय प्रांतात, म्हणजे तिबेट्यांच्या आम्दो भागात. दोन गावांची दरवर्षीची स्पर्धा. एका गावचा पोरगा हरतो, आणि जिंकणाऱ्याचा जीव नेमका त्याच्याच बहिणीवर. पुढचं सांगत नाही. कथा कुठे चाललीय ते लवकर कळतं, त्यांच्या बाकीच्या सिनेमांची खोली यात नाही. तरी मला फार आवडतो, कारण बाण तिथे नुसता खेळाचा नाही. बौद्ध धर्मावर उठलेल्या तिबेटच्या लांगदर्मा राजाला इ.स. 842 मध्ये ल्हालुंग पेल्गी दोर्जे या भिक्षूने बाणाने मारलं, असं परंपरा सांगते. पांढरा घोडा कोळशाने काळा केलेला, काळ्या झग्याला आतून पांढरं अस्तर. काम झाल्यावर घोडा नदीत घातला, झगा उलटा केला आणि गडी निसटला तो थेट आम्दोत. मठांमधला काळ्या टोप्यांचा छाम नाच याच घटनेशी जोडतात. ही गोष्ट लेकीला आधी सांगा, मग त्या पोराला हार इतकी का झोंबते ते तिला आपोआप कळेल.

मैना: +1. लेकीला भूतानमधल्या स्पर्धांचे व्हिडिओही दाखव गं. तिथला राष्ट्रीय खेळच हा. ऑलिम्पिकला निशाण 70 मीटरवर, भूतानात जवळपास 145! बाण लागला की अख्खा संघ गात नाचतो. आणि आईबाबांसाठी भूतानी दिग्दर्शक ख्येन्त्से नोर्बूंचा 'द कप' (1999). फुटबॉल वर्ल्डकप बघायला धडपडणारे छोटे भिक्षू, चित्रीकरण आपल्या हिमाचलातल्या बीरच्या मठात. माझ्या सासूबाईंनी दोनदा पाहिला.

डोंगरवाट: दोन्ही यादीत! त्सेदेन यांचं आणखी काय बघू?

चित्रवेडा: 'थार्लो', 2015, कृष्णधवल. ओळखपत्र काढायला शहरात आलेला मेंढपाळ. हा मात्र लेकीशिवाय, रात्री निवांत बघा. 2023 मध्ये अवघ्या 53व्या वर्षी गेले हो ते, अजून खूप काही करायचं होतं त्यांना. आणि डब केलेलं काही मिळालं तरी नको, सबटायटल लावून मूळ भाषेतच ऐका.

डोंगरवाट: शनिवारी 'सेक्रेड अ‍ॅरो' लावते. लेक काय म्हणाली ते इथेच लिहीन.