मदत हवी आहे : 'चाचरणे' म्हटलं की तुमच्या मनात नेमकं काय येतं?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरला राहतो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मुलगा साडेसात वर्षांचा आहे आणि बोलताना अडतो. कधी 'प-प-पाणी' होतं, कधी 'म' लांबत जातो. कधी तोंड उघडं, मान ताठ, पण आवाजच फुटत नाही. हे शेवटचं बघवत नाही.

याला मराठीत काय म्हणायचं, यावर मी अडले आहे. सासूबाई कोल्हापूरच्या, त्या म्हणतात "बाळ चाचरतंय". माझ्या माहेरी 'तोतरा' म्हणायचे. त्यामुळे स्पीच थेरपीला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी हिंदीत "तोतला बोलता है" असं सांगून बसले. बाईंनी बराच वेळ त्याच्याकडून 'र', 'स', 'क'चे शब्द म्हणवून घेतले. उच्चार स्वच्छ! मग त्यांच्या लक्षात आलं, "अच्छा, हकलाता है." हिंदीतला तोतला म्हणजे आपला बोबडा, आणि आपल्या तोतऱ्याला ते हकला म्हणतात.

आता दिवाळीला सगळे कोल्हापूरला जमणार. त्याआधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला चार ओळी लिहायच्या आहेत : त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, "सावकाश बोल" म्हणू नका, त्याचं बोलून होईपर्यंत त्याच्याकडे बघत थांबा. (वेखंड उगाळून जिभेला लावू नका, हेही लिहायचं आहे.) पण पहिल्याच वाक्यात शब्द सापडत नाही.

'तोतरा' मला नको. ते विशेषण माणसाला चिकटतं आणि पोरं त्याचीच हाक करतात. 'बोबडा' तर चूकच. नवा धडा वाचताना कुणीही अडखळतं, म्हणून 'अडखळणे' फार हलकं वाटतं. 'ततपप' आणि 'बोबडी वळणे' यांत भीती आहे. उरतो 'चाचरणे'. ते क्रियापद आहे, त्यामुळे बोलण्याबद्दल बोलतं, मुलावर शिक्का मारत नाही. पण "साहेबांनी विचारताच तो चाचरत म्हणाला" असं वाचलं की तो माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं ना? माझा मुलगा घाबरत नाही. गणपतीत सगळ्यांबरोबर अख्खं अथर्वशीर्ष एकदाही न अडता म्हणाला. त्यावर एका काकांनी विचारलं, "मग एरवी मुद्दाम करतो का?" सुरात सूर मिसळून म्हणताना किंवा गाताना बहुतेकांचं अडणं जातं, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही.

तुमच्या भागात 'चाचरणे' कसं वापरतात? त्यात भीतीचा वास येतो का? कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी साताऱ्याकडचा आणि लहानपणापासून चाचरतो. आता चाळिशी उलटली. दोन्ही अर्थ चालतात, फरक वाक्यात आहे. "चाचरत म्हणाला" हे त्या प्रसंगापुरतं, तिथे भीती किंवा संकोच आलाच. "तो बोलताना चाचरतो" म्हटलं की त्याची बोलण्याची रीत कळते, आमच्याकडे त्यात भीती कुणी शोधत नाही. 'बोलताना' मात्र गाळू नका. काही जण 'चाचपडणे'शी गल्लत करतात, ते अंधारात हाताने शोधणं. शाळेच्या किंवा दवाखान्याच्या कागदावर 'तोतरेपणा' लिहा, तिथे तोच शब्द रुळलेला आहे.

काकांना सांगा, मोठ्या माणसांतही शंभरात साधारण एक जण असा बोलतो आणि कुणीही मुद्दाम करत नाही. आणि एक विनंती. आमच्या घरी माझ्यासाठी शब्द ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही त्याला विचारा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. वाक्यातला फरक आता लख्ख कळला. काल रात्री त्याला विचारलं. म्हणाला, "आई, माझा प चिकटतो." ग्रुपवर आता असं लिहिते आहे : "बोलताना कधी कधी त्याचा शब्द चिकटतो. आजी त्याला चाचरणं म्हणतात. शब्द सुटेपर्यंत थांबा, त्याला जे सांगायचंय ते तोच सांगेल." पाठवायच्या आधी त्याला वाचून दाखवणार आहे. यात काही खटकत असेल तर आजच सांगा.