जादा कामासाठी दिलेली संमती कंत्राटी कामगाराला मागे घेता येते का?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ कुपवाड एमआयडीसीतील एका मशीन शॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर आहे. कारखान्यात शंभरच्या वर माणसे आहेत, पण तो ठेकेदाराच्या पटावर आहे. पाळी सकाळी सात ते संध्याकाळी सात, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ७२ तास. पगारपत्रकावर रोजचे आठच तास दिसतात. उरलेल्या चार तासांचे पैसे साध्या दराने रोख मिळतात.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांतही दुप्पट दर कायम आहे आणि जादा कामासाठी कामगाराची संमती लागते. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये तिमाहीतील जादा तासांची मर्यादा ११५ वरून १४४ करण्यास मंजुरी दिली, तीही लेखी संमतीच्या अटीवर. भावाचे जादा तास तिमाहीत तीनशेवर जातात, त्यामुळे मर्यादाभंगाबद्दल मला शंका नाही.

अडचण त्या संमतीचीच आहे. कामावर घेताना ठेकेदाराने इतर कागदांच्या गठ्ठ्यात एका छापील संमतिपत्रावरही सही घेतली. त्यावर तारीख नव्हती, तासांचा रकाना कोरा होता आणि प्रत मागितली तर मिळाली नाही. जादा थांबायला नकार देणाऱ्याला कोणी कामावरून काढत नाही. ‘निरोप आला की ये’ एवढेच सांगतात, आणि निरोप येत नाही. काढल्याचा कागदच नसल्याने दाद कशाविरुद्ध मागायची, हेही कळत नाही. गेटबाहेर दुसरा माणूस उभा असताना घेतलेल्या सहीला संमती म्हणणे मला तरी पटत नाही, पण कायद्याच्या नजरेत तिची किंमत काय?

अशी संमती लेखी पत्राने मागे घेता येते का, आणि त्यानंतर काम देणे थांबवले तर ते कामावरून कमी करणे ठरते का? पंचिंग मशीन फक्त कायम कामगारांसाठी आहे. भावाजवळ उत्पादन नोंदींचे फोटो आणि सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश आहेत, ते पुरावा म्हणून चालतील का? तक्रार सांगलीच्या सहायक कामगार आयुक्तांकडे करावी की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, आणि तेथे तक्रारदाराचे नाव मालकापर्यंत न जाण्याची कितपत खात्री असते? ठेकेदाराने हात वर केले तर फरकाची रक्कम कारखान्याकडून वसूल होते का?

दुसरी नोकरी पाहण्याचा सल्ला कृपया देऊ नये. चौकशी केलेल्या इतर ठिकाणीही पाळी बारा तासांचीच आहे. कामगार न्यायालयात किंवा युनियनमध्ये प्रत्यक्ष काम केलेल्यांनी उत्तर दिल्यास फार उपयोग होईल.