पोलंडची सणांवरची चांदीची नाणी: कुठून सुरुवात करू?

नाणेखुळा: पोलंडच्या नॅशनल बँकेने जुन्या चालीरीतींवर २० झ्लॉटीची चांदीची नाणी काढलीत ना, ती जमवायचा विचार आहे. पण त्याच डिझाइनची २ झ्लॉटीची सोनेरी नाणीपण दिसतात, ती सोन्याची असतात का? आणि घ्यायचं तर आधी कुठलं घेऊ?

चंदेरी: सोनं अजिबात नाही त्यात. नॉर्डिक गोल्ड म्हणतात त्याला, तांबं, अॅल्युमिनियम, जस्त आणि कथील. चांदीचं नाणं २८.२८ ग्रॅमचं, ९२५ शुद्धता (हजारात ९२५ भाग चांदी), म्हणजे निव्वळ चांदी साधारण २६ ग्रॅम. २००१ ला नाताळात चांदणी घेऊन घरोघरी गाणी म्हणत फिरणाऱ्यांचं आलं, २००३ ला ईस्टरच्या सोमवारी एकमेकांना पाण्याने भिजवतात त्याचं, २००४ ला सुगीचं आणि २००६ ला सेंट जॉनच्या रात्रीचं, त्या रात्री मुली फुलांची वर्तुळं नदीत सोडतात. मी तरी पाण्यावालंच आधी घेईन, विषयच धमाल आहे.

जुनाखिसा: घेताना वजन आणि व्यास (३८.६१ मिमी) तपासच, आणि लोहचुंबकाला चिकटलं तर सरळ परत कर, पण नुसतं चिकटलं नाही म्हणून खरं असंही धरू नकोस, कारण तांब्या-पितळेचं बनावटपण चिकटत नाही. प्रूफ नाणं आहे, म्हणजे संग्रहासाठी खास चकचकीत घडवलेलं, आरशासारख्या भागाला बोट लावू नकोस, कडेने धर. काळं पडलं तरी पॉलिश नको बाबा!! पीव्हीसीच्या पाकिटात तर मुळीच ठेवू नकोस, हिरवट चिकट थर येतो.

नाणेखुळा: ओके, मग पाण्यावालंच बघतो, कॅप्सूलसकट (नाण्याची पारदर्शक डबी) असेल तरच.