क्वेकर लोक गावपातळीवर हवामानबदलावर काम करतात ते नेमकं कसं? आपल्या ग्रामसभेला त्यातलं काय उचलता येईल?

देवळीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्हा, देवळी तालुका, जेमतेम दोनशे घरांचं गाव. कापूस, तूर, सोयाबीन, बहुतेक कोरडवाहू. बचत गटाच्या ताया आणि काही तरुण मिळून हवामानबदलावर गावात काहीतरी सुरू करायचं ठरवत आहोत. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या छोट्या छोट्या मंडळ्या हे काम सामूहिक निर्णयाने करतात आणि मतदान घेतच नाहीत, असं वाचलं. आमच्या ग्रामसभेत दोन पार्ट्या आहेत. एकीने ठराव आणला की दुसरी पाडते.

विचारायचं ते हे: मतदान नाही तर निर्णय होतो कसा? कामाचा हिशोब कसा ठेवतात? आणि आमच्यापुढे तीन सूचना आहेत, समाजमंदिरावर सोलर, पऱ्हाटी (कापूस वेचल्यावर उरलेली वाळकी झाडं) जाळणं बंद करणं आणि बायोगॅस. यातलं आधी काय घ्यावं? जाणकारांनी खुलासेवार सांगावं.

---

नईतालीमवाला

देवळीकर भाऊ, ही मंडळी तुमच्यापासून वाटते तेवढी लांब नाहीत. तुमच्या शेजारी सेवाग्रामला नई तालीमच्या (गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या) शिक्षक-प्रशिक्षणाचं काम 1949 पासून दहाएक वर्षं मार्जोरी साइक्स यांनी सांभाळलं, त्या क्वेकर होत्या. नागपूरहून इटारसीच्या पुढे होशंगाबादजवळ (आता नर्मदापुरम) रसुलियाला क्वेकरांचं फ्रेंड्स रूरल सेंटर आहे. तिथे 1970च्या दशकाच्या शेवटी नांगरणीशिवायच्या ‘ऋषी खेती’चे प्रयोग सुरू झाले. तेव्हा हवामानबदल हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता.

जगभरात ते सुमारे चार लाख, सर्वांत जास्त केनियात. हवामानाच्या बाबतीत ब्रिटनच्या क्वेकरांचा 2011 सालचा कॅंटरबरीचा ठराव महत्त्वाचा. ‘आपण कमी कार्बनचा, टिकाऊ समाज होऊ’ अशी बांधिलकी त्यांनी संपूर्ण पंथ म्हणून घेतली. 2013 मध्ये कोळसा-तेलाच्या कंपन्यांतली आपली गुंतवणूक काढायचं ठरवलं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका क्वेकर गटाने डोंगरमाथे फोडून कोळसा काढणाऱ्या कंपन्यांना कर्ज देणाऱ्या पीएनसी बँकेविरुद्ध काही वर्षं लावून धरलं. शाखांमध्ये जाऊन शांतपणे बसायचं, खाती बंद करायची, 2012 मध्ये तर दोनशे मैल पदयात्रा काढली. 2015 मध्ये बँकेने धोरण बदललं. म्हणजे फक्त झाडं लावणं आणि दिवे बदलणं एवढ्यावर ते थांबत नाहीत.

आता बैठकीची रीत. सुरुवातीला सगळे काही मिनिटं गप्प बसतात. बैठक चालवणाऱ्याला ते क्लर्क म्हणतात. तो अध्यक्ष नव्हे, त्याला स्वतःचं मत रेटायची मुभा नसते. एका वेळी एकाच माणसाने बोलायचं, तेही क्लर्ककडे बघून, समोरच्याला उत्तर म्हणून नाही. दोन बोलण्यांच्या मध्ये थोडं थांबायचं. एका मुद्द्यावर शक्यतो एकदाच बोलायचं. मग बैठकीचा कल कुठे चाललाय ते ओळखून क्लर्क तिथल्या तिथे ठराव लिहितो, मोठ्याने वाचतो, शब्द दुरुस्त होतात आणि सगळ्यांना पटलं की तेवढाच ठराव कायम होतो. घरी जाऊन इतिवृत्त ‘तयार करणं’ हा प्रकारच नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या पद्धतीत सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. आपल्याकडे अर्धी भांडणं ठरावापेक्षा प्रोसिडिंगच्या वहीत मागून काय चढलं यावरून होतात.

एकमत म्हणजे शंभर टक्के होकार असं नाही. एखादा म्हणू शकतो, मला पटलेलं नाही पण मी आड येत नाही, आणि ते तसंच लिहिलं जातं. फारच ताणलं तर विषय पुढच्या बैठकीवर. मोठ्या वादाच्या विषयावर आधी एक वेगळी बैठक घेतात. तिथे बोलायचं भरपूर, निर्णय मात्र घ्यायचाच नाही. सगळा राग तिथे निघून जातो.

बिघडतं कुठे? एक, वेळ फार लागतो. कधी कधी वर्ष. दोन, गप्प बसलेल्याला संमत धरलं जातं. आपल्याकडे हा धोका दुप्पट, कारण सालदार आपल्या मालकापुढे आणि सून सासऱ्यापुढे बोलत नाही. म्हणून महिला ग्रामसभा आधी खरोखर भरवा, कागदावर नको, आणि तिचं म्हणणं मुख्य सभेत सुरुवातीलाच वाचा. कायद्याची गणपूर्ती (15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते) पाळावीच लागेल. पण गणपूर्ती झाली म्हणून मतदान घेतलंच पाहिजे असं नाही.

---

झाडीपट्टी_ताई

वरच्या उत्तराला जोड. यासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) कित्येक वर्षांपासून सर्वसहमतीनेच निर्णय घेतं. 2009 मध्ये त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला तो याच सवयीच्या जोरावर. त्यांची खरी किल्ली अभ्यास गट. ग्रामसभेच्या आधी वेगळं बसून विषयाची माहिती गोळा करायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, निर्णय मात्र गटाने घ्यायचा नाही. तो ग्रामसभेचाच.

तुमच्या गावाला माझा सल्ला: दोन्ही पार्ट्यांतले दोन-दोन, बचत गटाच्या तीन ताया आणि एक भूमिहीन कुटुंबातलं माणूस असा अभ्यास गट करा. तिन्ही सूचनांचा हिशोब त्याने मांडावा. आकडे समोर असले की पार्टी थोडी मागे पडते. पूर्ण नाही पडत.

---

वावर_वही

हिशोबाचं मी सांगतो. ब्रिटनच्या क्वेकर मंडळ्यांची सुरुवात बहुधा मीटिंग हाउसच्या, म्हणजे त्यांच्या सभागृहाच्या, गॅस आणि विजेच्या बिलापासून होते, कारण थंडीत इमारत गरम ठेवणं हाच तिथला मोठा खर्च. हर्टफर्डचं त्यांचं सभागृह 1670 सालचं आहे. अशा जुन्या भिंतींतून उष्णता गळते, आणि वारसा इमारत म्हणून खिडकीही सहज बदलता येत नाही. आपला प्रश्न उलटा, आणि आपला मोठा आकडा इमारतीत नाहीच.

वहीत हे गुणक लिहून ठेवा (कार्बन डायऑक्साइडचे किलो, साधारण): ग्रिडची वीज एक युनिट 0.7. घरगुती सिलिंडर, 14.2 किलोचा, 42. डिझेल एक लिटर 2.7. पेट्रोल एक लिटर 2.3. आणि युरियाची 45 किलोची एक गोणी सुमारे 120. चूक नाही, एकशे वीस. गोणीत 20.7 किलो नत्र असतं. त्यातला साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो असं धरतात, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. ते झाले 90 च्या आसपास. शिवाय युरिया विरघळताना स्वतःतला कार्बन सोडतो, ते 33. कारखान्यातलं इंधन यात धरलेलंच नाही. म्हणजे वावरात टाकलेली एक गोणी जवळपास तीन सिलिंडरांएवढी.

आता महिन्याला 100 युनिट वीज, वर्षाला 8 सिलिंडर, पाच एकर आणि 10 गोण्या युरिया असं घर घ्या. वीज 840, गॅस 336, युरिया 1200. अभ्यास गटाने वीसेक घरांचं असं मांडलं तरी लक्षात येईल की समाजमंदिरावरचं सोलर हा गावातला सर्वांत लहान आकडा आहे.

युरिया कमी करायचा म्हणजे पीक उपाशी ठेवायचं असं नाही. माती परीक्षणाच्या कार्डावरचं नत्र बघा आणि त्यातून डीएपीचं वजा करा. हे बहुतेक जण विसरतात: डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत 9 किलो नत्र असतं, म्हणजे 20 किलो युरियाएवढं. उरलेलं दोन-तीन हप्त्यांत, ओल असताना, झाडापासून चार बोटं लांब दोन-तीन इंच खोल देऊन मातीआड करा. डवऱ्यामागे (बैलाच्या कोळप्यामागे) दिलं तर मजुरी वाचते. वर फेकलेला युरिया उन्हात अमोनिया होऊन उडतो आणि मोठ्या पावसात नाल्यात जातो.

ढोरांच्या रवंथाचा मिथेन वेगळ्या रकान्यात ठेवा. तो आकडा मोठा येतो आणि मग कोणी तरी म्हणतं, ढोरं विका. बैलजोडी गेली की ट्रॅक्टरचं डिझेल येतं आणि शेणखताच्या जागी आणखी युरिया. तो रकाना फक्त माहितीसाठी.

---

काळी_माती

पऱ्हाटीबद्दल. जाळू नका म्हटलं की लोक धुऱ्यावर गंजी लावतात, सरपणाला. ते जाळण्याइतकंच वाईट. न उमललेल्या कवडी बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसते आणि पुढच्या हंगामाला घरची घरीच बियाणं मिळाल्यासारखी बाहेर पडते. म्हणून आधी वेचणी संपली की वावरात शेळ्या-मेंढ्या सोडा, त्या उरलेली बोंडं खातात. डिसेंबर-जानेवारीत उपटणी करून टाका, फरदड (त्याच झाडांवर पुन्हा कापूस घेणं) ठेवू नका.

मग दोन वाटा. पैसे असतील तर श्रेडरने कुट्टी करून जमिनीत किंवा कंपोस्टमध्ये. बारीक व्हायला हवी, मोठे तुकडे पुढे डवऱ्याच्या पासेत अडकतात. दुसरी वाट खड्ड्यातला कोळसा, म्हणजे बायोचार.

खड्डा वर 5 फूट व्यासाचा, तळाला 2 फूट, खोली अडीच ते तीन फूट, बाजू उतरत्या. निघालेली माती काठावर वीतभर उंच रचा, वारा अडतो. पऱ्हाटी तीन-चार आठवडे वाळलेली हवी, मोडल्यावर कट् आवाज आला पाहिजे. मुळांची माती झटका, दोन फुटांचे तुकडे करा. तळात थोडी उभी रचून वरून पेटवा, खालून नाही. वरच्या थरावर पांढरट राख दिसू लागली की लगेच पुढचा पातळ थर. ज्वाळ वर जळत राहते आणि खालच्या कोळशापर्यंत हवा पोचू देत नाही, सगळी करामत एवढीच. धूर दिसला तर एक तर माल ओला आहे किंवा थर जाड पडला. दोन-तीन तासांत खड्डा भरतो. मग 200 ते 300 लिटर पाणी ओता, वाफ पूर्ण थांबेपर्यंत. पाणी नसेल तर माती टाकता येते, पण फट राहिली की रात्रभर धुमसून सकाळी नुसती राख. पाण्याचा टँकर आधी, काडी नंतर. कापसाच्या ढिगाच्या आणि कोठ्याच्या जवळ हे करायचं नाही.

वाळल्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा कोळसा मिळतो. तो तसाच वावरात टाकला तर पहिल्या हंगामात नत्र धरून बसतो आणि पीक पिवळं पडतं. एक पाटी कोळसा, तीन पाट्या शेणखत, गोमूत्र शिंपडून 15 दिवस ठेवा, मग टाका. आणि खरं सांगायचं तर भारी काळ्या मातीत याचा फरक फारसा दिसणार नाही. ती आधीच विम्ल (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) आणि कोळसाही विम्लच. बरड, मुरमाड तुकड्यांत द्या, तिथे पाणी धरून ठेवायला कामाचा.

---

देवळीकर

वावर_वही भाऊ, युरियाचा आकडा बघून चक्रावलो. बायोगॅसचं कुणीच बोललं नाही. आमच्याकडे जुने तीन आहेत, तिन्ही बंद.

---

काळी_माती

बहुतेक घुमटाला तडा गेला असेल. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात वीतभर भेगा पडतात, मधल्या विटांच्या घुमटाचं काय होणार? दीनबंधू पद्धतीचा 2 घनमीटरचा बांधायचा तर खोदकाम मुरूम लागेपर्यंत न्या. भोवती भरताना काळी माती परत टाकू नका, मुरूम टाकून पाणी मारत ठोका. आतून प्लास्टर दोन हात. शेण भरण्याआधी पाण्याने भरून गळती तपासा.

रोज 50 किलो शेण, तेवढंच पाणी, म्हणजे चार-पाच जनावरं कोठ्यात बांधलेली. चरायला सोडलेल्या ढोरांचं निम्मं शेण रानातच पडतं, हे न मोजताच संयंत्र मंजूर होतात. मग गॅस कमी, मग शेगडी बंद. घरी दोनच जनावरं असतील तर वैयक्तिक नको, शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून. पण कोण शेण घालणार ते आधी लिहून घ्या. जुन्या तीनपैकी ज्याचा घुमट शाबूत आहे तो उपसून, स्लरी बदलून चालू होतो का ते आधी बघा. नव्याच्या तुलनेत खर्च फार कमी.

---

नईतालीमवाला

सोलरवर थोडं: एक किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट जागा लागते आणि वीज दिवसाला साधारण 4 युनिट मिळते. समाजमंदिर महिन्यातून चार वेळा उघडत असेल तर तिथे वापर नाही. पाणीपुरवठ्याच्या पंपाचं बिल काढून बघा, ग्रामपंचायतीचा पैसा तिथे जातो. समाजमंदिराच्या स्लॅबला मार्चमध्ये चुन्याचे दोन पातळ हात द्या, रात्रभर भिजवून गाळलेला चुना, त्यात थोडा डिंक, संध्याकाळी, स्लॅब ओला करून. मे महिन्यात आत बसता येईल. टिनावर चुना टिकत नाही, पापुद्रे निघतात. तिथे पांढरा ऍक्रिलिक रंगच लागतो.

आणि ठराव लिहिताना ‘गाव पर्यावरणपूरक करावे’ असं लिहू नका. कोणत्या वावरात, कोणत्या तारखेपर्यंत, कोणी, आणि पुढच्या कोणत्या सभेत हिशोब वाचायचा, एवढं त्यात हवं. हिशोब वाचायचा विषय त्या सभेच्या अजेंड्यावर आजच घालून ठेवा.

---

देवळीकर

अभ्यास गटाची नावं या आठवड्यात ठरवतो. झाडीपट्टी ताई, दुसऱ्या पार्टीतले दोघं बसायलाच तयार नसतील तर?

---

झाडीपट्टी_ताई

त्यांच्या घरच्या बायांना घ्या. वीज-गॅसचे आकडे नाहीतरी त्यांच्याकडेच आहेत.